आडनाव हा पुरावा आहे का?



रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की एक मोह बऱ्याच जणांना होतो. हाताशी मतदारयादी असते, शाळेचं जनरल रजिस्टर असतं, नाहीतर जुन्या दप्तराची नक्कल असते. त्यात हजारो नावं. मग वाटतं, आडनावांवरून मूळ गाव काढू, जात काढू, कोण कुठून आलं ते काढू. एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवला की काम झालं!

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं आहे, त्यामुळे फुकट मिळणाऱ्या कॉलमचं आकर्षण मला चांगलंच माहीत आहे. पण कुठलाही डेटा वापरण्याआधी तो तयार कसा झाला हे विचारायचं असतं. आडनावाच्या बाबतीत हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आडनाव म्हणजे जणू कुळावर मारलेला शिक्का, हजार वर्षं जसाच्या तसा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आडनाव ही कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली नोंद असते. ती कोणी केली आणि कशासाठी केली हे कळलं तर आडनाव पुरावा म्हणून उपयोगी पडतं. नाही कळलं तर ते फसवतं. आजच्या लेखात हेच मराठी आडनावांच्या उदाहरणांवरून बघू.

'कर' म्हणजे गाव सोडलेला माणूस

सगळ्यात ओळखीचा प्रकार गावावरून पडलेल्या आडनावांचा. गावाचं नाव आणि पुढे 'कर'. हा प्रत्यय आजही जिवंत आहे. पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर हे शब्द आपण रोज वापरतो.

आता जरा विचार करा. गावात राहणाऱ्या माणसाला गावातलीच माणसं गावाच्या नावानं हाक मारतील का? होळ गावात सगळेच होळचे. तिथे 'होळकर' म्हणून कोणाची ओळख पटणार? ते नाव गावाबाहेर उपयोगी पडतं. नीरा नदीकाठच्या होळ गावचे मल्हारराव लहानपणीच मामाकडे खानदेशात तळोद्याला गेले, पुढे माळव्यात त्यांनी राज्य उभं केलं आणि होळकर हे नाव इंदूरशी कायमचं जोडलं गेलं. मूळ गाव मात्र आजही छोटंच आहे.

दुसरं उदाहरण गोव्यातलं. मास्टर दीनानाथांचा जन्म १९०० साली मंगेशी गावात झाला. मंगेशकर हे आडनाव त्यांनी या गावावरून घेतलं. ते त्यांच्या वडिलांचं आडनाव नव्हतं. म्हणजे आज सगळ्या जगाला माहीत असलेलं हे आडनाव एका माणसाच्या हयातीत तयार झालेलं आहे. 'आडनाव आहे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या असणारच' हे गृहीतक इथेच निकालात निघतं.

यातून संशोधनासाठी दोन गोष्टी मिळतात. एक, 'कर' हे माणूस कुठे राहतो यापेक्षा तो कुठून निघाला हे सांगतं. म्हणून स्थलांतराच्या अभ्यासात ते खरंच कामाचं आहे. दुसरी, ते निघाला कधी हे सांगत नाही आणि पुष्कळदा नेमकं कुठून तेही सांगत नाही. वडगाव, पिंपळगाव, निंबगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती तरी आहेत. 'वडगावकर' नकाशावर दाखवायचे असतील तर आधी कुठलं वडगाव ते ठरवावं लागेल आणि ते ठरवायला आडनावाबाहेरचा पुरावा लागेल. कुलदैवत कुठलं, जमीन कुठे होती, लग्नं कुठल्या भागात होत आली, असा.

हुद्दा गेला, आडनाव राहिलं

दुसरा मोठा गट हुद्द्यांचा. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी गावाचा हिशेब ठेवणारा. परगण्याच्या पातळीवर हीच कामं देशमुख आणि देशपांडे यांची. याशिवाय चिटणीस, पारसनीस, हसबनीस, पोतनीस ही मंडळी. यातला 'नीस' हा फारसी 'नवीस'चा अवशेष आहे, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, हिशेब लिहिणारा हसबनीस. निजामशाही, आदिलशाहीपासून मराठेशाहीपर्यंत कारभार कसा चालायचा याचा छोटासा कोशच आपल्या हजेरीपटावर सापडतो.

पण हुद्दा गावोगाव असतो. जितकी गावं तितके कुलकर्णी, आणि त्या सगळ्यांचा मूळपुरुष एक असण्याचं काही कारण नाही. कुलकर्णी–कुलकर्णी लग्न होतं, कारण लग्न ठरवताना गोत्र बघतात आणि गोत्रं वेगळी असतात. पाटील तर कितीतरी जातींत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत, मुसलमानांतही आहेत. इनामदारांचंही तसंच.

शिवाय हुद्दा मिळाला की जुनं आडनाव मागे पडायचं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख (जन्म १८२३) यांच्या घराण्याचं मूळ आडनाव सिधये. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. नाना फडणवीस म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते बाळाजी जनार्दन भानू. धंद्यावरूनही हेच व्हायचं. जोतीराव फुले यांचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम घरात आलं आणि काही वर्षांत गोऱ्ह्यांचे फुले झाले.

आता गंमत बघा. १९५० च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलांची वंशपरंपरागत जागा गेली. कामं तलाठ्याकडे आणि पोलीस पाटलाकडे गेली, आडनावं मात्र जागच्या जागी राहिली. आज पाटील आडनावाच्या माणसाच्या घरात पाटीलकी होतीच असं आपण सहज बोलून जातो. पण पाटलाच्या भावकीतले सगळेच पाटील लावायचे, प्रत्यक्ष पाटीलकी एका वेळी एखाद्याच घरात असायची. आडनावावरून सत्ता मोजायला गेलात तर आकडा फुगणार हे नक्की.

बिन, वलद, कोम

जुन्या कागदांत शिरलं की आणखी एक धक्का बसतो. तिथे आडनाव असेलच असं नाही. माणसाची ओळख बापाच्या नावानं होते. 'रामजी बिन तुकोजी' म्हणजे तुकोजीचा मुलगा रामजी. 'वलद' याचाही अर्थ तोच. दोन्ही शब्द अरबीतून आलेले. बाईच्या नावापुढे 'कोम' आलं की त्याचा अर्थ अमक्याची बायको. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे शब्द पाठ असतात. मात्र स्कॅन केलेल्या यादीवरून डेटा एंट्री करणाऱ्याला ते माहीत नसले तर तो तिसऱ्या शब्दाला आडनाव समजून मोकळा होतो.

पेशव्यांचीच नावं घ्या. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ. यातलं 'बल्लाळ' हे आडनाव नाही. बाळाजी या नावाचंच ते रूप आहे. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा बाजीराव. घराण्याचं आडनाव भट. आज बल्लाळ हे आडनावही आहे, म्हणून कॉम्प्युटरला विचारलंत तर तो पहिल्या बाजीरावाला बिनदिक्कत बल्लाळांच्या यादीत टाकेल.

'आडनाव' या शब्दाकडेही बघा. आडवाट, आडगाव, आडवळण यांत जो 'आड' आहे तोच इथेही दिसतो. मुख्य रस्त्याच्या बाजूचं, दुय्यम. व्यवहारात माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव मुख्य, तिसरं जोडीचं. आज ऑनलाइन फॉर्ममध्ये आडनावाशिवाय पुढच्या पानावर जाता येत नाही. म्हणजे दुय्यम होतं ते सक्तीचं झालं.

बायकांच्या बाबतीत तर नोंदीचा धागाच तुटतो. लग्नात आडनाव बदलायचं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव यायचं आणि पुष्कळदा स्वतःचं नावही बदलायचं. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचं माहेरचं नाव यमुना. तीन शब्दांच्या नावातले तिन्ही शब्द बदलू शकतात, अशी ही व्यवस्था. त्यामुळे दोन कागदांतली बाई एकच आहे की दोन, हे नावावरून ठरवता येत नाही. 'स्त्रियांची माहिती उपलब्ध नाही' असं वाक्य प्रबंधांत वरचेवर दिसतं. बऱ्याचदा माहिती असते, पण ती दुसऱ्या नावाखाली असते.

रजिस्टर काय सांगतं, आठवण काय सांगते

मग आडनाव इतकं पक्कं झालं कधी? त्यात इंग्रजी राजवटीतल्या नोंदवह्यांचा मोठा वाटा आहे. १८३६ च्या सुमारास इंदापूर भागापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन पाहणी सुरू झाली. रयतवारीत प्रत्येक शेताला एक नंबर आणि सारा भरणारा एक माणूस हवा. पुढे सरकारी शाळांचे दाखले, पलटणीतली भरती, कोर्टाचे कागद, १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी शिरगणती. एका गावात पाच रामा असतील तर कारकुनाला तिसरा शब्द लागतोच. आडनावं त्याआधीही होती, पण एकदा लिहिलं ते कायम, हा नियम रजिस्टरनं आणला.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालं ते 'भिवा रामजी आंबेडकर'. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी आपलं आडनाव या विद्यार्थ्याला दिलं, ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे.

आता विद्यार्थी म्हणून याकडे बघा. इथे दोन प्रकारची साधनं आहेत. रजिस्टर त्या त्या वेळी लिहिलं गेलं. ते आपल्याला तारीख आणि नाव देतं, 'का' हे देत नाही. आठवण 'का' सांगते, पण ती नंतर सांगितली गेली आणि सांगताना तिचे तपशील बदलू शकतात. दोन्ही महत्त्वाच्या, पण प्रबंधात दोन्ही एकाच वजनानं वापरता येत नाहीत. 'रजिस्टरमध्ये अशी नोंद आहे' आणि 'अशी आठवण सांगितली जाते' ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला शिकणं म्हणजे निम्मी रिसर्च मेथडॉलॉजी.

गोव्यात याच गोष्टीचं दुसरं रूप दिसतं. १५१० नंतर पोर्तुगीज सत्तेत धर्मांतरं झाली, तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री, धर्मपिता किंवा एखादा पोर्तुगीज अधिकारी यांचं आडनाव मिळायचं. वेगवेगळ्या वेळी बाप्तिस्मा झालेल्या एकाच घरातल्या माणसांची आडनावं वेगळी असू शकतात, आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशी शेकडो घरं एकाच आडनावाची असू शकतात. त्यावरून पोर्तुगीज रक्त शोधायला निघणं हास्यास्पद. आडनावावरून इतकंच कळतं की चर्चच्या वहीत नाव चढताना ते दिलं गेलं.

आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं का?

व्युत्पत्ती हा सगळ्यात गोड मोह. यादव–जाधव, मौर्य–मोरे, कदंब–कदम, शिलाहार–शेलार, चालुक्य–साळुंखे. वि. का. राजवाड्यांसारख्या मोठ्या अभ्यासकांनीही मराठी नावांच्या व्युत्पत्तीवर पुष्कळ लिहिलं आहे. यातल्या काही जोड्या भाषेच्या नियमांना धरून आहेतही. संस्कृतातला शब्दारंभीचा 'य' मराठीत 'ज' होतो: यात्रेची जत्रा, यवाचे जव. त्या नियमानं यादवाचा 'जा' समजतो. पण मग 'द'चा 'ध' का झाला, हा प्रश्न उरतोच. 'मोरे'चं बघा. मौर्यावरून येऊ शकतं, तसंच सरळ मोर या पक्ष्यावरूनही येऊ शकतं. लांडगे, वाघ, कोल्हे, कावळे ही आडनावं असतील तर मोरांनी काय पाप केलं?

आणि समजा शब्दाची व्युत्पत्ती शंभर टक्के सिद्ध झाली. तरी शब्दाचा वंश आणि माणसाचा वंश या दोन गोष्टी आहेत. राजघराण्याचं नाव त्याचे सैनिक, आश्रित, कुळं, पदरची माणसं सगळेच घेऊ शकतात. देवगिरीच्या यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीत मोठे सरदार होते ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मधली तीनशे वर्षं कागदानं जोडायची असतात, नुसत्या आवाजानं नाही.

काही वेळा आडनाव आधी असतं आणि गोष्ट नंतर तयार होते. गायकवाड हे नाव 'गाय' आणि 'कवाड' या शब्दांवरून आलं, पूर्वजानं कवाड उघडून गाईंना आसरा दिला, अशी घराण्याची कथा सांगितली जाते. अशा कथा खोट्या म्हणून फेकून देऊ नका. त्या घराण्याला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं याचा तो उत्तम पुरावा आहे. नावाच्या उगमाचा मात्र नाही.

गणित काय म्हणतं

इथे माझ्या मूळ विषयाकडे येते. 'आमचं आडनाव सगळीकडे आहे, म्हणजे घराणं जुनं आणि मोठं' असं लोक म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनला उलटा प्रश्न पडला होता: नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? १८७३ मध्ये त्यानं तो प्रश्न मांडला आणि पुढच्या वर्षी एच. डब्ल्यू. वॉटसनबरोबर त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आज ही पद्धत गाल्टन–वॉटसन प्रक्रिया म्हणून शिकवतात.

सोपं उदाहरण घेऊ. समजा शंभर पुरुष, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येकाला मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक मुलगा असण्याची अर्धी आणि दोन मुलगे असण्याची पाव. म्हणजे सरासरी बरोबर एक मुलगा, लोकसंख्या स्थिर. पहिल्या पिढीनंतर सरासरी २५ आडनावं संपतात. दुसरीनंतर संपलेली साधारण ३९, तिसरीनंतर ४८, चौथीनंतर ५५. म्हणजे शंभर वर्षांत निम्म्याहून जास्त आडनावं गेली आणि उरलेल्या ४५ आडनावांत तेवढीच माणसं वाटली गेली. कोणी लढाई हरलं नाही, कोणी शाप दिला नाही. नुसत्या योगायोगानं काही आडनावं दुर्मीळ झाली आणि काही फोफावली. त्यामुळे आडनाव किती लोकांचं आहे यावरून घराण्याचा पराक्रम काढू नये.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन यानं १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये चुलत-मामे भावंडांची लग्नं किती होतात याचा अंदाज काढला. युक्ती अशी की नवरा-बायकोचं लग्नाआधीचं आडनाव एकच असेल तर ते नात्यातले असण्याची शक्यता जास्त. १९६५ मध्ये क्रो आणि मँज यांनी या युक्तीला नीट सूत्राचं रूप दिलं. सूत्र सुटसुटीत आहे, म्हणून ते कुठल्याही डेटाला लावायचा मोह होतो.

आता ते महाराष्ट्राला लावून बघा. या पद्धतीत धरलेलं आहे की प्रत्येक आडनाव एकदाच, एकाच माणसापासून सुरू झालं. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांनी ते गृहीतक मोडलं. दुसरं, आपल्याकडे अनेक समाजांत एकाच कुळीत, एकाच देवकात लग्न करत नाहीत, पण मामाच्या मुलीशी लग्न चालतं. मामाचं आडनाव वेगळं असतं! म्हणजे जिथे जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथेच सूत्र म्हणणार, 'नातं नाही'. आणि दोन अनोळखी कुलकर्ण्यांच्या लग्नात म्हणणार, 'नातं आहे'. सूत्र चुकीचं नाही. ते ज्या समाजासाठी तयार झालं तिथली नावं वेगळ्या पद्धतीनं पडतात, इतकंच.

जात, आडनाव आणि तुमचा कॉलम

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न अनेकदा आडनावासाठी विचारलेला नसतो. ऐकणाऱ्यालाही ते कळतं. आणि हाच प्रश्न आपण संशोधनात 'व्हेरिएबल' म्हणून सभ्य करून आणतो.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि आंबेडकरी चळवळीतले दादासाहेब गायकवाड, दोघांचं आडनाव एक. धार-देवासचे राजे पवार आणि 'बलुतं' (१९७८) लिहिणारे दया पवार, यांचंही एक. जाधव, मोरे, शिंदे, कांबळे ही आडनावं एकाहून जास्त जातींत आहेत. आडनावावरून जात लावणारा प्रोग्रॅम इथे हमखास चुकतो आणि त्याची चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. ओळखू येणारी आडनावं बरोबर पडतात, सामायिक आडनावं बहुसंख्य जातीच्या खात्यात जमा होतात. म्हणजे जे आधीच कमी दिसतात ते तुमच्या तक्त्यात आणखी कमी दिसतात. संख्याशास्त्रात याला पूर्वग्रही चूक म्हणतात. नमुना दहापट केला तरी ती जात नाही.

ही चूक कागदापुरती राहत नाही. जात पडताळणीत वडिलांकडच्या नातेवाइकांच्या जुन्या नोंदी लागतात: शाळेचे दाखले, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. आजोबांच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, त्यांच्या भावाच्या दाखल्यावर कुळाचं आडनाव, असं निघालं तर दोघे सख्खे भाऊ होते हे नातवानं सिद्ध करायचं. आडनाव म्हणजे कायमचा शिक्का, हा समज प्रवेशाची तारीख जवळ आलेल्या मुलाला किती महाग पडू शकतो, याचा विचार करा.

आणि नोंदीचे नियम आजही बदलत आहेत. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ मधल्या निर्णयानुसार १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर नाव असं लिहायचं: स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक याद्या उघडेल तेव्हा त्याला तीन शब्दांची नावं अचानक चार शब्दांची झालेली दिसतील. निर्णय माहीत नसेल तर तो त्यावर एखादा सिद्धांतही मांडेल!

मग करायचं काय?

आडनावं वापरूच नका, असं मी म्हणत नाही. इतकं स्वस्त आणि इतकं सर्वत्र मिळणारं साधन दुसरं नाही. फक्त वापरण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. हे नाव या कागदावर कोणी लिहिलं? स्वतः माणसानं, कारकुनानं, शिक्षकानं की पाद्र्यानं?

२. कशासाठी लिहिलं? सारा वसूल करायला, शाळेत घ्यायला, धर्मात घ्यायला की वारसा ठरवायला?

३. हे आडनाव एकाच ठिकाणी सुरू झालं असेल की अनेक ठिकाणी? हुद्दा, धंदा आणि सामान्य गावनावं असतील तर अनेक ठिकाणी, असंच धरून चाला.

४. आडनाव बाजूला ठेवलं तर माझा निष्कर्ष टिकतो का? कुलदैवत, देवक, जमीन, गाव यांपैकी निदान एक स्वतंत्र पुरावा हवाच.

आणि ज्यांना या विषयावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी एक सुचवते. महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलल्याच्या जाहिराती छापून येतात. जुनं नाव, नवं नाव. लोक कुठलं आडनाव सोडतात आणि कुठलं घेतात याची ही अधिकृत आणि तारीखवार नोंद आहे. इथे नाव लिहिणारा माणूस स्वतः असतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी आधीच हातात असतं.

सुरुवात घरापासून करायची असेल तर तीन कागद काढा: आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा जुना फेरफार आणि आजीच्या माहेरचा एखादा कागद. तिन्हींत नाव कसं लिहिलंय ते एका पानावर उतरवा. नावं जुळली नाहीत तर घाबरू नका. 'बरोबर' नाव कुठलं हे ठरवण्याआधी प्रत्येक कागदाशेजारी तो कोणी आणि कशासाठी लिहिला ते लिहा. तेवढं एक पान झालं की साधनचिकित्सा म्हणजे काय हे कुठल्याही गाईडशिवाय तुम्हाला कळेल.